चौकटीच्या उजवीकडची वीत

माझ्या मामाला सगळे 'टोपण' म्हणायचे. तोंडावर टोपणराव, पाठीमागे नुसतंच टोपण. हे नाव त्याला एका लग्नात मिळालं. नवरा-नवरी, दोन्हीकडचे व्याही, कोपऱ्यात रुसून बसलेल्या आत्या, सगळ्यांना त्याने दिवसभर उभं केलं, बसवलं, हसवलं आणि घरी येऊन फिल्म धुतली तर ती काचेसारखी आरपार. लेन्सवरचं टोपण काढायचंच राहिलं होतं. नवरीच्या बापाने त्याला काय काय ऐकवलं ते मामा स्वतःच रंगवून सांगायचा. पण तेव्हा त्याने कानाला जो खडा लावला तो कायमचा. फोटो घेण्याआधी लेन्ससमोरून एकदा हात फिरवून बघायची सवय त्याला लागली ती आजही सुटलेली नाही.

टोपण लावलेलं असताना माणसाला कळत कसं नाही, असं कुणालाही वाटेल. त्याचं कारण मामाच्या कॅमेऱ्याच्या घडणीत होतं. त्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी लेन्स वेगळी. खिडकी वर डाव्या कोपऱ्यात, नखाएवढी; लेन्स तिच्या उजवीकडे, खाली. खिडकीला डोळा लावणाऱ्याला जग लख्ख दिसत राहतं. लेन्सवर टोपण आहे, बोट आहे की चिखल उडालाय, याचा खिडकीला पत्ताच नसतो.

मी शाळेत असताना मामाने मला त्या खिडकीतून बघू दिलं होतं. आधी पट्टा गळ्यात, मग कॅमेरा हातात, हा त्याचा नियम. खिडकीत पाहिलं तर समोरच्या अंगणावर चार उजळ रेघांची एक चौकट हवेत तरंगत होती. मधोमध पिवळसर ठिपका, आणि त्या ठिपक्यात माझ्या धाकट्या भावाला दोन नाकं. मामाने लेन्सचं कडं हळूहळू फिरवायला सांगितलं. दोन नाकं सरकत सरकत एक झाली.

"झाला भाऊ एक?" मामाने विचारलं. "आता रेघ बघ. रेघेच्या आत आहे ते फोटोत येणार. बाहेरचं नाही."

"मग बाहेरचं दिसतं कशाला?"

"मध्ये तडमडायला कोण येतंय ते आधी कळावं म्हणून."

त्या वेळी उजवीकडच्या रेघेच्या बाहेर मामी उभी होती. हातात भावाचे बूट, ओला हात कमरेला पुसत. मी खिडकीतून तिच्याकडे बघून हसले, ती माझ्याकडे बघून हसली. रेघेच्या बाहेर म्हणजे फोटोच्या बाहेर, हे मी मामाच्या शब्दावर मानलं. आमच्या घरातल्या सगळ्यांनीच मानलं होतं.

मामी फोटोत नसायची. कधीच नाही. त्यामागची हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती, आणि ती सांगताना मामीच जास्त हसायची.

मामा तरुणपणी एका मोठ्या स्टुडिओत कामाला होता. फोटो काढायला नाही, सुधारायला; लग्नाचे फोटो तो सुट्टीच्या दिवशी बाहेर काढायचा. खिडकीपाशी तिरक्या काचेचं मेज, त्यावर निगेटिव्ह, हातात सुईसारखं टोक केलेली पेन्सिल. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. म्हणजे गालावरचा डाग तिथे उजळ दिसतो. त्या उजळ जागेत पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके भरत गेलं की छापताना गाल सपाट, गोरागोमटा निघतो. मुरूम, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मामा सगळं पुसायचा. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. कुणी सांगायची गरज नसे. चेहरा आला की पेन्सिल चालायला लागायची.

मामी त्या स्टुडिओत आली ती टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली म्हणून. तिथे द्यायला फोटो हवा होता. तिच्या डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जांभळी जन्मखूण होती, चांगली तळहाताएवढी. मामाने त्या एका निगेटिव्हवर डोळ्यांत तेल घालून काम केलं. इतकं सफाईदार काम आपण पुन्हा कधी केलं नाही, असं तो म्हणायचा. फोटो न्यायला ती आली तेव्हा शाबासकी मिळेल म्हणून पाकीट द्यायला तो स्वतः काउंटरवर जाऊन उभा राहिला.

तिने फोटो बराच वेळ पाहिला. "हा कोणाचा?"

"तुमचाच की."

"माझा नाही. मला बहीण असती तर ती अशी दिसली असती कदाचित. तुम्हाला पुसायला कोणी सांगितलं होतं?"

"सगळ्यांचंच करतो आम्ही..."

"मी सांगितलं होतं का?"

पाकीट काउंटरवर ठेवून ती निघून गेली. मामाला तोंडात मारल्यासारखं झालं. तो मेजापाशी परत आला, स्पिरिटमध्ये कापूस बुडवला आणि आपलं ते सफाईदार काम त्याने निगेटिव्हवरून पुसून काढलं. नवीन फोटो छापला आणि टेलिफोन ऑफिसच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तिने तो फोटो पाहिला, मग मामाकडे पाहिलं. "हां, ही मी," एवढंच म्हणाली. तो फोटो ऑफिसच्या फायलीत गेला. पुढे ते ऑफिस बंद पडलं, फायली कुठे गेल्या कोणास ठाऊक. स्टुडिओही बसला आणि त्याच्या मालकाने निगेटिव्हच्या काचा खरवडून विकल्या.

पुढे दोघांचं जमलं. लग्नाला ती एका अटीवर तयार झाली. "माझा फोटो काढायचा नाही. कधीच. तुमच्या हाताला खोड आहे पुसायची, ती जायची नाही." मामाने शब्द दिला. त्यांच्या लग्नाचा म्हणून एकही फोटो नाही. नातेवाइकांनी अर्थातच उठवलं की टोपणरावांचं स्वतःच्या लग्नातही टोपण राहिलं.

ती काही आंधळा विश्वास ठेवणारी बाई नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा मामाने घरच्या माणसांना फोटोसाठी उभं केलं तेव्हा तिने कॅमेरा मागून घेतला. आपण उभ्या राहतो त्या जागी भिंतीला केरसुणी टेकवून ठेवली आणि खिडकीला डोळा लावला. केरसुणी उजव्या रेघेच्या पलीकडे होती. "ठीक आहे," ती म्हणाली. "मी केरसुणीच्या जागी उभी राहीन." आणि त्या दिवसापासून ती तिथेच उभी राहिली. माझी मामेबहीण, म्हणजे आमची ताई, जन्मली, चालायला लागली, शाळेत गेली. आम्ही भाचरं सुट्टीत यायचो. प्रत्येक फोटोच्या वेळी मामा म्हणायचा, "अगं, एक पाऊल बाहेर," आणि मामी रेघेबाहेरून आम्हाला वेडावून हसवायची. आमच्या लहानपणीच्या फोटोंत आम्ही सगळे उजवीकडे बघून खिदळतोय, आणि उजवीकडे कोणी नाही.

फिल्म घरीच धुतली जायची. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून मामा अंधारात बोटांनी चाचपत काम करायचा. शेवटचं पाणी मात्र मामीचं. ती फिल्म नळाखाली धरायची, दोरीवर कपड्यांच्या चिमट्याने टांगायची, वळू नये म्हणून खाली दुसरा चिमटा लावायची. सुकली की पट्ट्या कापून बटरपेपरच्या पाकिटांत भरायची आणि पत्र्याच्या डब्यांत ओळीने लावायची. छापायचं काम मामाचं. तिथे तिला तो येऊ द्यायचा नाही. औषधांच्या वासाने तुझं डोकं दुखेल, म्हणायचा.

मोबाइल आले तेव्हा ताईने एकदा चोरून आईचा फोटो काढायचा प्रयत्न केला होता. मामी कधी नव्हे ती भडकली. "तुझ्या बाबांनी आयुष्यभर शब्द पाळलाय. तुला काय धाड भरलीये?" ताईने तो फोटो तिच्यासमोर पुसून टाकला. तेव्हा मामा शेजारीच बसला होता आणि उठून आत गेला, हे ताईने मला नंतर सांगितलं. आपल्या बाजूने तो एक शब्द बोलला नाही, याचा तिला राग होता.

मामी गेली ती अचानक. दुपारी भाजी निवडता निवडता मान टाकली. सगळं आटोपल्यावर भेटायला आलेली माणसं भिंतीकडे बघायची आणि एकमेकांकडे बघायची. फोटोग्राफरचं घर आणि बायकोचा एक फोटो नाही. एका लांबच्या काकूने ते बोलूनही दाखवलं. तिचं तोंड कधीच बंद नसतं. मामीच्या ओळखपत्रावर यंत्राने काढलेला एक फोटो होता, पण त्यात इतका उजेड पडला होता की दोन्ही गाल सारखेच पांढरे. ताईने तो हातात घेतला आणि परत ठेवला. "ही आई नाही."

नंतर ती मामाला जे बोलली ते मी दारात उभी राहून ऐकलं. "अख्ख्या गावाचे फोटो काढलेत तुम्ही. ज्यांची तोंडंही आता तुम्हाला आठवणार नाहीत त्यांचे. आणि माझ्या पोरीला आजी दाखवायला माझ्याकडे एक कागद नाही. आईचा आवाज मला आठवतो, बाबा. चेहरा आठवायचा तर आता मला डागापासून सुरुवात करून बाकीचं जमवावं लागतं. उद्या तेही जमणार नाही. असला कसला तुमचा शब्द?"

मामा तिच्याकडे बघत नव्हता. खिडकीकडे तोंड करून बसला होता. ताईला ते फारच लागलं. तिने पिशवी उचलली, पोरीचा हात धरला आणि गेली. त्यानंतर तिने त्या घरात पाऊल टाकलं नाही. ख्यालीखुशाली विचारायची ती माझ्यामार्फत.

खिडकीकडे तोंड करण्याचं कारण निराळं होतं, पण ताईला ते माहीत नव्हतं, कारण मामी आणि मी सोडून मामाने कोणाला धड सांगितलंच नव्हतं, आणि मलाही ताईला सांगू दिलं नव्हतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग काही वर्षांपासून निकामी होत चालला होता. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्याकडे न बघता शेजारी कुठेतरी बघावं लागायचं, मग चेहरा डोळ्याच्या कडेतून थोडाफार दिसायचा. मामा त्यावरही विनोद करायचा. "जन्मभर मधलं मधलं बघितलं, आता म्हणतात, कडेचं बघ." मला काही हसू यायचं नाही.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. म्हणूनच मामाने मला बोलावलं असणार. निगेटिव्ह वाचायला उलट्या उजेडाची सवय लागते आणि ती मला आहे. मी गेले तेव्हा त्याने पत्र्याचे सगळे डबे पलंगावर काढून ठेवले होते. मेजावर खालून दिवा लागणारी काच, बारकं बघायचं भिंग आणि एक कात्री.

"बस," मामा म्हणाला. "एक काम आहे आणि ते कोणाला सांगायचं नाही. प्रत्येक निगेटिव्हची उजवी कड कापायची. पट्ट्या सुट्या कराव्या लागतील, वेळ जाईल. पण मला दिसत नाही, नाहीतर तुला सांगितलं नसतं."

"कड कापायची? का?"

कॅमेरा हातात घेऊन त्याने मला तो धडा पुन्हा शिकवला, लहानपणी अर्धा ठेवलेला. खिडकीतली चौकट खरं सांगत नाही. ती हातचं राखून सांगते. ती आखलेली असते अगदी जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या मापाने, म्हणजे चुकून कोणाचं डोकं कापलं जाऊ नये. माणसं लांब उभी राहिली की रेघेपेक्षा जास्त जग फिल्मवर येतं. शिवाय त्याचा कॅमेरा जुना, हात बदललेला, कधीतरी आपटलेला. त्याची चौकट डावीकडे सरकलेली होती. विकत घेतला तेव्हाच त्याने विटांच्या भिंतीवर खडूने खुणा करून ते तपासून पाहिलं होतं. उजवीकडे रेघेच्या पलीकडचं वीतभर तरी फिल्मवर उमटायचं.

मला कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे मामी..."

"सगळ्यात आहे," मामा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तिने केरसुणी ठेवून बघितलं ना, तेव्हा मला माहीत होतं की केरसुणी फोटोत येणार. मी बोललो नाही. छापताना कड झाकून छापायचो. मी तिला फसवलं. एकदा नाही, दर वेळी. आणि ती पोरीला सांगायची, बाबांनी शब्द पाळलाय. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

"मग ताईला द्यायचे ना हे! ती तिथे आईच्या चेहऱ्यासाठी तडफडतेय आणि तू..."

"चोरीचा माल आहे तो. तिला विचारून घेतलेला नाही. तिला 'नाही' म्हणायचं होतं आणि ती 'नाही' म्हणाली होती. आता ती नाही म्हणून मी भिंतीवर लावू? तिला जायच्या आधी सांगायचं होतं, तेही झालं नाही. आता निदान शब्द पुरा करू दे. काप."

मला त्याचा भयंकर राग आला. आणि त्याचं खरंही वाटलं, हे त्याहून वाईट. मी कात्री हातात घेतली नाही. भिंग घेतलं. कापायच्या आधी बघणार, एवढं तरी तो नाकारू शकत नव्हता.

काचेवर पहिली पट्टी ठेवली. मध्ये आजी-आजोबा, कडेला काळपट चेहऱ्याची एक तरुण बाई, कानापर्यंत कापलेली, आणि तिच्या काळ्या गालावर उजळ पांढरा डाग. निगेटिव्हवर तो दिव्यासारखा दिसत होता. मामाच्या पेन्सिलीने न शिवलेला. मी पट्ट्या सरकवत गेले. ताई पाळण्यात, कडेला मामी. ताई सायकलवर, कडेला मामी. माझा भाऊ, कडेला मामी, हातात त्याचे बूट. ती पोरांकडे बघत असायची, म्हणून तो गाल बरोबर लेन्ससमोर. मी मामाला सांगत गेले आणि तो भिंतीकडे बघून ऐकत राहिला.

"इथे ती थेट समोर बघतेय," मी एका ठिकाणी म्हणाले. "इथेही. जीभ काढलीये. मामा, तिला माहीत होतं!"

"माझ्याकडे बघायची ती. मला चिडवायची. खिडकीतून मला दिसायचंच की." मामाने मान हलवली. "उगाच मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी पुढे गेले. शेवटचा डबा राहिला.

"तो बघायची गरज नाही," मामा म्हणाला. "त्यात ती नाही. नातीने पट्टा ओढला आणि कॅमेरा पडला होता, आठवतं? दुरुस्तीवाल्याने आपण होऊन चौकटही सरळ करून दिली. म्हणाला, सरकली होती, आता रेघेबाहेरचं काही यायचं नाही. घरी येताना मला सुटल्यासारखं वाटलं. आणि रडूही आलं. त्यानंतरच्या फिल्मी छापल्याच नाहीत. डोळे गेले होते. धुवायला डोळे लागत नाहीत, म्हणून धुतल्या. तिने टांगल्या, कापल्या, ठेवल्या. 'राहू दे, पुढे कधीतरी छापू,' म्हणायची."

"डोळे गेल्यावर फोटो काढलेस कसे?"

"अंदाजाने. नात दुपारची इथे असायची, तिचेच काढायचो. मधला ठिपका दिसायचा नाही, अंतर पावलांनी मोजायचो. रेघही दिसायची नाही. तुझी मामी उभी आहे हे दिसायचं, रेघेच्या आत की बाहेर ते कळायचं नाही. मग विचारायचो. 'बाहेर आहेस ना?' ती म्हणायची, 'हो, बाहेरच आहे.'"

मी डबा उघडला. दुरुस्तीनंतरची पहिली फिल्म काचेवर ठेवली. मध्ये ताईची मुलगी अंगणात, खिडकीपाशी, जिन्यावर. कडेला कोणी नाही. एका ठिकाणी फक्त बाहुलीचा पाय धरलेली दोन बोटं. मामाचं बरोबर होतं.

दुसरी फिल्म ठेवली आणि मी भिंगावरून डोळा उचलला. पुन्हा लावला.

"काय झालं?"

"मामा, ही आहे."

"कोण?"

"मामी. कडेला नाही. आत आहे. अख्खी दिसतेय."

मामा उठून उभा राहिला. मी पट्टी पुढे सरकवली, मग दुसरी, मग तिसरी. तोंडाने सांगत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. पहिल्या फिल्मीत ती नव्हती. ती फिल्म तिने नळाखाली धरली, टांगली, उजेडाकडे धरून पट्ट्या कापल्या आणि पाहिलं असणार की आपण आता त्यात नाही. आणि पुढच्या फिल्मीला ती एक पाऊल आत सरकली होती. म्हणजे आधी आपण असतो, हे तिला ठाऊक होतं. कधीपासून? दोरीवर टांगलेली पहिली फिल्म तिने सुकवली तेव्हापासून. तिने संसारभर सगळ्या फिल्मी हाताळल्या होत्या. मामाने वर्षानुवर्षं केलेली चोरी तिच्या हातांनी ओळीने लावलेली होती.

मामाला हे मी एकेक करून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग तो पलंगावर बसला आणि डब्यावर हात ठेवून म्हणाला, "लबाड! मला म्हणायची, बाहेरच आहे." आणि मग तो रडायला लागला. मीही रडले. माझ्या कामात रोज मोडकी हाडं बघून मी स्वतःला घट्ट समजत होते, पण त्या दिवशी काही धरवलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "शेवटच्या फिल्मीत कुठे आहे?"

"नातीच्या शेजारी. उजव्या कडेपासून चांगली आत. केस मागे बांधलेत. सरळ लेन्सकडे बघतेय."

"डाग दिसतो?"

"स्पष्ट."

"तोच छापू," मामा म्हणाला. "कात्री आत ठेव."

मी ताईला फोन करून फक्त "ये" म्हणाले. कारण सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता; सांगण्यासारखं ते फोनवर नव्हतंही. न्हाणीघराच्या खिडकीला मी ते जुनं काळं कापड लावलं. लाल दिवा अजून लागत होता. औषधं मी दवाखान्याच्या ओळखीतून मिळवली, फोटो मोठा करून छापायचं यंत्र मामाने पुसून ठेवलं. डोकं त्याचं, हात माझे. किती वेळ उजेड द्यायचा, औषधाची ताटली कशी हलवायची, सगळं तो दाराला टेकून सांगत होता. "कड झाकू नकोस," तो म्हणाला. "पूर्ण येऊ दे. आणि गालाला हात लावायचा नाही."

ताई आली ती पायातलंही न काढता. आम्हाला दोघांना त्या लाल उजेडात बघून तिला काय वाटलं असेल कोण जाणे. मी तिला ताटलीपाशी उभं केलं आणि कोरा कागद औषधात सोडला.

आधी काळे केस आले. मग ताईच्या मुलीचा फ्रॉक, जरा धूसर, मामाच्या पावलांचा अंदाज चुकला होता म्हणून. मग तिच्या शेजारी गालावरची ती खूण आली, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, आणि खुणेभोवती हळूहळू सगळा चेहरा. ताईने तोंडावर हात धरला. ती औषधात हलणाऱ्या त्या कागदावर वाकून बघत राहिली.

मामा तिच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"बाबा," ताई म्हणाली. "आता तरी इकडे बघा ना."

"अगं, बघतोय ते," मी म्हणाले. "त्याला असंच दिसतं. समोर बघितलं की दिसत नाही." मग मी तिला त्याच्या डोळ्यांचं सांगितलं. बाकीचं नंतर सांगणार होते.

ताईने मामाकडे पाहिलं. त्या दिवशी त्याने खिडकीकडे तोंड का केलं होतं ते तिला आत्ता कळत असावं. तिने त्याचा दंड धरला आणि त्याला ताटलीच्या जरा जवळ घेतलं.

मामाची नजर भिंतीवरच होती. "मला रेघ कळत नाही," तो म्हणाला. "आत आहे ना गं ती?"

"हो बाबा," ताई म्हणाली. "आतच आहे."